विश्वसनीय स्थानिक निरीक्षक

बेइजिंग, ३ मार्च

आलिन,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून पत्ता कंपनीच्या टपाल खात्यातल्या ओउ बाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर चार ओळी वाच.

आईची तब्येत बरी नाही. छातीत दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणाले, घरची माणसं जवळ असलेली बरी. तू रजा टाक आणि ये. मॅनेजरने कारण विचारलं तर डॉक्टरांचा कागद पाठवते, शिक्क्यासकट.

माझ्याशी बोलायची सक्ती नाही. तू येशील तेवढे दिवस मी संस्थेच्या वसतिगृहात राहीन. तू आणि आई दोघंच घरात. ती तुला धुरी दिलेलं मांस आणि हिरव्या मिरच्या परतून घालेल, तुला हवं तसं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट. म्हणजे, उठून बसण्याइतकी बरी असली तर.

दहा एप्रिलच्या आत ये. अकराला नको, बाराला नको. दहाच्या आत.

पेइरोंग


बेइजिंग, ११ मार्च

आलिन,

पकडलंस. शेजारच्या फू आजींना फोन करून आईची चौकशी केलीस आणि त्या म्हणाल्या, "आलिन, तुझी आई खाली चौकात लाल पंखा घेऊन नाचतेय, बोलवू का?" मग आई वर आली, पाच जिने चढून, आणि वीस मिनिटं तुझ्याशी बोलली, त्यातली पंधरा इथल्या शेवयांना चव नाही यावर. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळली. "मी मरायला टेकले असं लिहिलंस? जिवंत माणसाबद्दल असं लिहितात? थू थू कर आधी." मी खिडकीतून तीनदा थुंकले. प्राध्यापक बाईंना थुंकताना खालच्या चौकीदाराने पाहिलं.

तर आता खरं लिहिते. वीस एप्रिलला तिथे निवडणूक आहे. देशाचं नाव मी लिहीत नाही, तू कुठे आहेस हे तुला माहीतच आहे. मला वाटतं की निवडणुकीच्या आधीच तिथे आग भडकेल आणि नदीवरचं तुमचं पुलाचं काम त्या आगीच्या वाटेत आहे. तो पूल जुन्या राष्ट्राध्यक्षांचा आहे असंच तिथले लोक म्हणतात. तुम्ही दोनशे बारा जण त्या पुलाजवळ पत्र्याच्या खोल्यांत झोपता.

तुला हे कसं कळलं, असं विचारशील. संस्थेत नाही कळलं. संस्थेत अशा गोष्टी सर्वांत शेवटी कळतात. तिथला एक विद्यार्थी, बूबाकार, दर गुरुवारी माझ्याकडे वर्तमानपत्रांचं भाषांतर करायला येतो. त्याचे वडील तुमच्या नदीकाठच्या गावात शाळामास्तर. दोन आठवड्यांपूर्वी तो उशिरा आला, डोळे सुजलेले. म्हणाला, "मॅडम, वडिलांनी शाळेला कुलूप लावून दोन महिने झाले. मला आज कळलं. आईला आणि भावंडांना घेऊन ते सीमेपलीकडे गेलेत."

आलिन, तुझं फेब्रुवारीचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं आहे, मला पाठ आहे. "इथे सगळं शांत. शाळेची मुलं रोज दुपारी पुलावर येतात, मी त्यांना हेल्मेट घालायला देतो."

कुठली मुलं? शाळेला तर कुलूप होतं.

तू माझा राग कर, पण निघ. कंत्राट मोडलं तर मोडू दे.

पेइरोंग


बेइजिंग, २० मार्च

आलिन,

तू परत पाठवलेल्या रिकाम्या बरण्या आई धूत होती. मिरचीच्या बरणीच्या तळाशी गुंडाळलेली चिठ्ठी तिला सापडली. तिला वाचता येत नाही हे बरं की वाईट, मला कळेनासं झालं आहे. ओल्या हाताने माझ्यापुढे धरून म्हणाली, "काय लिहिलंय माझ्या लेकाने?" मी म्हटलं, "मिरची फार छान होती, पुढच्या वेळी काळे सोयाबीन जास्त घाल." ती खूश झाली. काल तिने तीन किलो मिरच्या आणल्या.

दोन वर्षांनी तू मला लिहिलेलं पहिलं वाक्य असं: "बाईसाहेब, तुमच्यासारख्याच कुठल्यातरी बेइजिंगच्या पंडिताने आम्हाला इथे पुरलंय." पुढे लिहिलंस की मॅनेजर मियाओने सकाळच्या हजेरीला सगळ्यांना उभं करून एक कागद वाचला. देश स्थिर आहे, मोठ्या अशांततेची शक्यता कमी आहे, तज्ज्ञांचं मत आहे, वरून सही आहे. आता जो जाईल तो घाबरट आणि कंत्राटभंग करणारा. पासपोर्ट त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या गळ्यात. आणि शेवटी: "त्या पंडिताला एकदा इथे आणून झोपवा. आम्ही बूट घालून झोपतो."

मी ती चिठ्ठी हातात घेऊन न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

आलिन, तो कागद माझा आहे.

माझं काम काय ते तू कधी विचारलं नाहीस. बाबांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, परराष्ट्र धोरणावर सरकारला सल्ला देते. ते हसले. "तुला कोण विचारतं?" मला तेव्हा राग आला होता. आता सांगते कोण विचारतं ते. आम्ही दोन पानी टिपण लिहितो. दोनच, कारण तिसरं पान वर कोणी वाचत नाही. ते वर जातं. वरच्या साहेबांनी कागदावर छापलेल्या आपल्या नावाभोवती गोल काढला तर त्याचा अर्थ वाचलं. समासात एखादी ओळ लिहिली तर संस्थेत सणच. त्या ओळीला वार्षिक गुणांकनात पुस्तकापेक्षा जास्त वजन आहे. संस्थेत माझ्या खोलीतला चाळिशीचा एक विद्वान आठ वर्षं एका ओळीची वाट बघत टक्कल पडेपर्यंत बसला आहे. म्हणून आम्ही काय करतो, तर वर काय हवं आहे याचा वास घेतो, त्याला पुरावे लावतो आणि सल्ला म्हणून परत पाठवतो. साहेबांना वाटतं तज्ज्ञही असंच म्हणतात. आम्हाला वाटतं साहेबांना आमचं पटलं.

गेल्या सप्टेंबरात पुलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या सह्या व्हायच्या होत्या. मी पहिल्या मसुद्यात "गंभीर अशांततेची शक्यता" असं लिहिलं होतं. आमचे संचालक राओ चहाचा पेला झाकून म्हणाले, "पेइरोंग, हे वाक्य कोणाला वाचायचंय? शिवाय तुमच्याकडे जागेवरचं काय आहे?" काहीच नव्हतं. मी त्या देशात एकदाच गेले, पाच दिवस, अठरा जणांच्या शिष्टमंडळात. हॉटेल, मंत्र्यांची मेजवानी, हॉटेल. गाव बसच्या काचेतून पाहिलं.

जागेवरचं फक्त एक होतं माझ्या घरात. आईच्या बिस्किटांच्या डब्यात. तुझी पत्रं.

मी ती काढली आणि उतरवून घेतली. तांदूळ स्वस्त झालाय. पोलीस हसून हात करतात. बाजारात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. टिपणात तुझं नाव नाही. तुझं नाव आहे "विश्वसनीय स्थानिक निरीक्षक". "गंभीर" काढलं, "शक्यता कमी" घातलं. तीन आठवड्यांनी कागद परत आला, समासात निळ्या शाईने: "सहमत. संबंधितांना पाठवावे." राओंनी सगळ्यांना नासपती वाटली.

संबंधितांत मंत्रालय, बँक, तुमची कंपनी आणि शेवटी मियाओ. आईने काळजी करू नये म्हणून तू जे खोटं लिहिलंस, ते माझ्या हातून वर गेलं, शहाणं होऊन खाली आलं आणि तुझ्याच हजेरीत तुला वाचून दाखवलं गेलं. परक्या मुलखात गेलेला आपला कुठला माणूस घरी खरं लिहितो? मी हुनानची, मजुरांच्या गल्लीत वाढलेली, मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. मला ते माहीत नको होतं.

शिव्या घाल. पण उत्तर दे.

पेइरोंग


बेइजिंग, २८ मार्च

आलिन,

मंगळवारी राओंकडे गेले. म्हटलं, सप्टेंबरचं टिपण चुकलं आहे, मला दुरुस्ती पाठवायची आहे. त्यांनी दार लावून घेतलं.

"त्यावर 'सहमत' लिहिलंय, विसरलात का?"

"म्हणूनच घाई आहे."

"म्हणूनच जमणार नाही. तुम्ही चुकलात असं लिहाल, तर त्याचा अर्थ जे सहमत झाले तेही चुकले. तो कागद कोण वर नेणार? मी? मला दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला."

"तिथे आपली दोनशे बारा माणसं आहेत, साहेब."

"दूतावास आहे ना. त्यांनी लिहावं."

"दूतावास म्हणतो, बेइजिंगच्या तज्ज्ञांचं मत स्थिर आहे, आम्ही वेगळं कसं लिहू?"

राओंनी चहाचा पेला बाजूला सारला. वाईट माणूस नाही तो. माझ्या मुलाखतीत माझ्या बाजूने एकटाच बोलला होता. मग म्हणाले, "निवडणूक होऊ द्या. काही झालं तर 'बदलत्या परिस्थितीवर' टिपण लिहू. नाही झालं तर आपण बरोबर होतो."

"आणि मेले तर?"

"अहो, हळू बोला."

निघताना त्यांनी एक फट ठेवली. म्हणाले, तोच निरीक्षक पुन्हा काही वेगळं कळवत असेल, तर गोष्ट निराळी. मग ती चूक नाही, नवी माहिती. नव्या माहितीला कोणाच्या सहीची अडचण होत नाही.

म्हणजे तू. फक्त तूच आहेस, आलिन. ज्याच्या शब्दावर ते टिपण उभं राहिलं, त्याच्याच शब्दाने ते खाली येऊ शकतं. बूबाकारचं चालत नाही, तो परदेशी. मला एक पत्र लिही. आईला नको, मला. जे दिसतं ते. तारखा घाल, आकडे घाल. नाव घालू नकोस. पत्र मी माझ्या अक्षरात उतरवून घेईन, सूत्राचा मूळ कागद आम्ही कधी दाखवत नाही, तशी पद्धतच आहे. तुझं अक्षर कोणाच्या नजरेला पडणार नाही.

मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं नाही. आता भीक मागते आहे.

पेइरोंग


बेइजिंग, ५ एप्रिल

आलिन,

कंपनीच्या शुक्रवारच्या टपालाच्या थैलीत तुझं काही नव्हतं. ओउ बाईंनी माझ्यासमोर पिशवी उलटी करून दाखवली. गंजलेला पंप, कोणाचे तरी एक्सरे, बास.

काल पितरांचा दिवस होता. गावी जाणं झालं नाही, तर आईने खिडकीत बाबांचा फोटो ठेवला, त्यांच्यापुढे भात, मासा आणि अर्धा पेला दारू. "पोरगा येऊ शकला नाही, पुलावर काम आहे," असं त्यांना सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही आहे." बस, एवढंच. ही आहे.

तू मला कधी विचारलं नाहीस, बाबा गेले तेव्हा मी तीन दिवस उशिरा का पोचले. विचारायची गरजच वाटली नाही तुला. दारातच म्हणालास, "या बाईसाहेब. मीटिंग झाली का?" आणि बाबांचा फोटो छातीशी धरून आत गेलास. तेव्हापासून मी तुझा आवाज ऐकलेला नाही.

मीटिंग झाली होती. तुझा निरोप आला तेव्हा मी एका अतिथीगृहात होते, मला वर बोलावणार होते, माझं पहिलंच बोलावणं. राओ म्हणाले, "तुम्ही गेलात तर दुसऱ्या संस्थेचा माणूस आत जाईल." मी थांबले. दोन दिवस बूट घालून पलंगावर बसून राहिले, केव्हाही हाक येईल म्हणून. तिसऱ्या दिवशी आत नेलं. अकरा मिनिटं मिळाली. साहेबांनी एकच प्रश्न विचारला: तिथे विमानाने जायला किती तास लागतात. मी म्हटलं, सतरा. ते म्हणाले, लांब आहे.

एवढ्यासाठी मी बाबांना गमावलं. शेवटचं तोंड बघणं गमावलं, असं म्हणते मी लोकांना. खरं तर बाबांनाच.

आता तू गप्प बसून मला शिक्षा देत असशील तर मला मान्य आहे. मला दे. पण त्या दोनशे अकरा जणांनी कुणाच्या बापाच्या चितेला उशीर केलेला नाही. बूबाकार म्हणतो, तुमच्या गावच्या बाजारात आता फक्त कोयते विकायला आहेत, आणि ते शेतीचे दिवस नाहीत.

लिही. दोन ओळी लिही. माझा जीव टांगणीला लागला आहे. आईने वाढलेला भात वाटीत तसाच राहतो.

ताई


बेइजिंग, ९ एप्रिल, सकाळी

आलिन,

बरणी काल आली. या वेळी मी आईच्या आधी झाकण उघडलं.

चार पानं. मी ती उभ्याने वाचली. स्वयंपाकी बायकोमुलांना घेऊन नदीपार गेला आणि जाताना तुम्हाला चुलीची किल्ली देऊन गेला. हसून हात करणारे पोलीस सिमेंटची पोती मागायला येतात आणि त्या पोत्यांचे अडथळे त्यांनी तुमच्याच रस्त्यावर रचले आहेत. १९ मार्चला रात्रपाळीच्या ट्रकवर दगड पडले आणि शी नावाच्या गवंड्याचा डोळा गेला. मियाओने वर कळवलं, "कामावरचा अपघात". आणि ती ओळ: "तू म्हणतेस मी आईसाठी खोटं लिहिलं. अर्धं आईसाठी. अर्धं मियाओसाठी. जाणारं पाकीट इथे उघडं द्यावं लागतं, तो वाचतो आणि मग चिकटवतो. शांत नाही असं लिहिलं तर पत्र जातच नाही, मग आईला कळणार तरी काय? तू इतकी शिकलीस, तुला वाटलं नाही, की माणूस दोन वर्षं सारखं शांत-शांत का लिहितोय?"

नाही वाटलं. लाज वाटते लिहायला, पण नाही वाटलं.

शेवटी तू "ताई" लिहिलंस. नंतर ते खोडलंस, पण वाचता येतं.

आज दुपारी अडीचला संस्थेत बैठक आहे. मंत्रालयाचे उपप्रमुख येणार आहेत. विषय दुसराच आहे, मासेमारीचा करार. माझं बोलणं यादीत नाही. राओंना मी पत्राची प्रत दाखवली, त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "निवडणुकीनंतर." स्वतःच ठेवलेली फट त्यांनी स्वतःच बुजवली. तर मी यादीबाहेर उभी राहणार आहे. आमच्याकडे असं कोणी करत नाही. बाहेरच्या माणसापुढे स्वतःचं टिपण स्वतः खोटं ठरवणारा मी तरी अजून पाहिलेला नाही.

तुझी पानं मी माझ्या अक्षरात उतरवली आहेत.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तू तिथे नसावास, एवढीच माझी इच्छा आहे.

ताई


बेइजिंग, १६ एप्रिल

आलिन,

हे ओउ बाईंच्या हाती देते. तुमचं जहाज जिथे लागेल तिथे त्या तुम्हाला घ्यायला निघाल्या आहेत. त्या तुझ्या हातात देतील. दुसऱ्या कोणापुढे उघडू नकोस आणि नीट, दोनदा वाच.

मी उभी राहिले. म्हटलं, सप्टेंबरचं टिपण माझं होतं, चुकीचं होतं, त्याच निरीक्षकाची नवी माहिती आली आहे. आणि वाचलं. राओंनी दोनदा "पेइरोंग, वेळ" म्हटलं. मी थांबले नाही. शीच्या डोळ्याचंही वाचलं. उपप्रमुखांनी काही लिहून घेतलं नाही, फक्त हात पुढे करून कागद मागितला. दुसऱ्या संध्याकाळी कंपनीला हुकूम गेला. मियाओने कपाट उघडलं, बस आल्या, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. आणि तेराव्या तारखेला कॅम्प जळाला, हेही तुला आता कळलं असेल. शेजारच्या टेबलावरचा टकलू माझ्यापुढे येऊन रडला. त्या दिवशी मी दोन वाट्या भात खाल्ला.

मग चौदाला दोन माणसं संस्थेत आली. चांगले कपडे, मऊ आवाज. त्यांना टिपणात रस नव्हता. त्यांना निरीक्षकात होता. सप्टेंबरात शांत म्हणणारा आणि एप्रिलात आग म्हणणारा हा माणूस कोण? पूल व्हायला हवा होता तेव्हा शांत, पूल थांबायला हवा तेव्हा अशांत, हे कोणाच्या सांगण्यावरून? तिथल्या कोणत्या पक्षाचा तो? कुठल्या परक्या देशाचा पैसा खातो? समासात 'सहमत' लिहिणारा चुकू शकत नाही, आलिन. म्हणजे त्याला कोणीतरी मुद्दाम फसवलं असलं पाहिजे. ते फसवणाऱ्याला शोधत आहेत आणि उतरलेल्या दोनशे बारा जणांना एकेक करून विचारणार आहेत.

मी त्यांना सांगितलं, निरीक्षक नाहीच. कधीच नव्हता. एका ओळीच्या हव्यासापोटी मी त्याला सप्टेंबरात रचला, आणि घाबरले तेव्हा एप्रिलात पुन्हा रचला. त्यांच्याकडे जो कागद आहे तो माझ्याच अक्षरात आहे. आधीची टाचणं माझ्याच अक्षरात आहेत. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खोटारडी बाई त्यांना सोपी वाटली. थोडी निराशाही झाली असावी. आता मामला फसवणुकीचा आहे, हेरगिरीचा नाही. माझ्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

पण मूळ पत्रं घरात होती. एकोणीस. ते घरी येणार हे त्यांनी सांगितलंच होतं, सौजन्याने, "आईंना त्रास नको म्हणून". मी तासाभरात घर गाठलं आणि आईला सगळं सांगितलं. सगळं, आलिन. तू दोन वर्षं काय लिहीत होतास आणि खरं काय होतं तेही. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "मला ठाऊक होतं. हेल्मेट मुलांना देईल आणि स्वतः काय घालेल? तिथेच कळलं." मग मी बरणी आणि डबा पुढे ओढला आणि काडेपेटी काढली, तर तिने माझ्या हातावर मारलं. "मेलेल्यांसाठी कागद जाळतात. माझ्या लेकाचं काही जाळायचं नाही."

तिने मोठ्या टोपात गरम पाणी घेतलं. एकेक पत्र त्यात बुडवलं, प्रत्येक वेळी विचारलं, "हे कुठलं?" मी सांगितलं, हे पहिल्या पावसाळ्यातलं, हे तुला ताप आला होता तेव्हाचं, हे शरद पौर्णिमेच्या सणाचं. ती मान हलवून ते कणीक मळावी तसं मळायची, शाई सुटेपर्यंत. पाणी आधी निळं झालं, मग काळं. बरणीतली पानं शेवटी घातली. "खोडलेलं ताई कुठे आहे?" तिने विचारलं. मी दाखवलं. तिने बोटाने चाचपून पाहिलं आणि मग तेही घातलं.

काल ते आले. आईने त्यांना चहा दिला. थोरल्याने विचारलं, आजी, मुलगा काय लिहितो तिकडून?

"कोण, आलिन?" आई म्हणाली. "त्याला कसली आईची आठवण? दोन वर्षांत एकदा फोन, चिठ्ठी एकही नाही. दुसऱ्यांची पोरं बघा, महिन्याला पाकीट येतं. माझं मेलं दगडाच्या काळजाचं निघालं. बाप गेला, बहिणीशी भांडला आणि माझ्याशीही संपलं त्याचं." ती फू आजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. धाकटा अवघडला. म्हणाला, "असू दे आजी, मुलं अशीच असतात." त्याने डबा उघडला. डब्यात बिस्किटं होती.

ते गेल्यावर ती खुर्चीत बसली ती दोन तास उठलीच नाही. मग म्हणाली, "त्याला सांग, मी असं बोलले ते."

म्हणून सांगते. तुला विचारलं तर तूही हेच सांग. "आईला मी कधीच लिहिलं नाही. बहिणीचं तोंड दोन वर्षं पाहिलेलं नाही, तिच्या टिपणाबद्दल काही माहीत नाही." यातलं दुसरं अर्धं खरंच आहे, ते तुला सोपं जाईल. पहिलं म्हणताना खाली बघू नकोस. बरणीबद्दल विचारलं तर मिरचीबद्दल बोल. मियाओ तोंड उघडणार नाही, उघडलं तर पाकिटं वाचल्याचं आणि शीचा डोळा "अपघात" म्हणून दडवल्याचं त्यालाच कबूल करावं लागेल.

माझी काळजी करू नकोस. सोमवारी सकाळी नऊला मला हजर व्हायचं आहे, कपड्यांची पिशवी घेऊन. किती दिवस, ते सांगितलेलं नाही. राओंनी माझ्या बाजूने काही म्हटलेलं नाही, विरुद्धही नाही. मला नासपती आणून दिल्या.

तू घरी पोचशील तेव्हा फू आजी खालच्या दारात असतील, दोन्ही बाजूंचे शेजारी असतील, चौकीदार असेल. आईने मला सांगून ठेवलं आहे की ती तुला सगळ्यांसमोर शिव्या घालणार, आईला विसरलास म्हणून, नाहीतर तिच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसणार. ती रोज थोडी तयारी करते आहे, स्वयंपाकघरात, पुटपुटत. कदाचित मारेलही. तू मुकाट उभा राहा. हसू नकोस, पाया पडू नकोस, काही समजावू नकोस. दोन वर्षांत आईला एक ओळ न लिहिलेला मुलगा जसा उभा राहील तसा राहा.

तिच्या शिव्या संपल्या की तिला धरून वर ने, पाच जिने चढून ती दमेल. दार लावून घे. मग काय म्हणायचं ते तिला म्हण. मी तेव्हा घरी नसेन.

ताई

हे पत्रही पाण्यात घाल.